किती कण पोचले? चुंबकीय सेन्सरने नॅनोकण मोजण्याची पद्धत, पायरी-पायरीने

एक मिलिलिटर पाण्यात १०० मायक्रोग्रॅम लोह असलेले मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडचे, नॅनोकण मिसळले की पाणी फिकट तपकिरी दिसतं. कुपी उजेडात धरली की कण आहेत हे कळतं. तेच कण त्वचेखाली दोन सेंटीमीटर खोल गेले की डोळ्यांचा उपयोग संपतो. उपचाराचा खरा प्रश्न मात्र तिथेच असतो: त्या जागी नेमके किती कण पोचले?

हा प्रश्न तीन ठिकाणी हमखास येतो. गाठीत कण सोडून बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ती गाठ तापवायची असेल, तर उष्णता थेट कणांच्या प्रमाणावर ठरते. स्तनाच्या कर्करोगात पहिली लसिकाग्रंथी शोधायची असेल, तर कण जिथे अडकले ती ग्रंथी काढायची असते. आणि औषध कणांना बांधून चुंबकाने एका जागी ओढायचं असेल, तर त्यातलं किती खरंच तिथे थांबलं हे कळल्याशिवाय डोस ठरत नाही.

लोहच मोजायचं तर रासायनिक तपासणी का नको, असं कुणीही विचारेल. एक मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनचं मिळून सुमारे ५०० मायक्रोग्रॅम लोह असतं. रक्ताळलेल्या ऊतीत आपले १०० मायक्रोग्रॅम त्यात बुडून जातात आणि रासायनिक चाचणीला दोन्ही लोह सारखीच. शिवाय नमुना आम्लात विरघळवावा लागतो. चुंबकीय सेन्सरला हिमोग्लोबिनमधलं लोह जवळजवळ दिसतच नाही, कण मात्र ठळक दिसतात. या पद्धतीचं सगळं मोल इथे आहे.

या कामात वावरताना माझं एक मत पक्कं होत गेलं. सेन्सर कमी पडला म्हणून मोजमाप बिघडलं असं क्वचित होतं. बिघडतं ते ब्लँक (कण नसलेल्या नमुन्याचं मोजमाप), अंतर आणि कॅलिब्रेशन (ज्ञात नमुन्यांशी ताडून आकडा ठरवणं) या तिन्हींत. म्हणून पुढे सेन्सरबद्दल थोडं आणि या तिघांबद्दल भरपूर लिहितो आहे. हे सगळं प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या मोजमापाबद्दल आहे, म्हणजे कुपी, ऊतीचे तुकडे आणि ऊतीसारखे नकली नमुने यांच्यासाठी. रुग्णाच्या अंगावर मान्यताप्राप्त उपकरणच लागतं आणि ते चालवणारा डॉक्टरच असतो.

पहिली पायरी: आधी कागदावर हिशेब

सेन्सर विकत घेण्याआधी सिग्नल किती येणार हे काढा. मॅग्नेटाइटमध्ये वजनाने ७२.४ टक्के लोह असतं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम लोह हे सुमारे १३८ मायक्रोग्रॅम मॅग्नेटाइट झालं. मोठ्या स्फटिकाचं संपृक्त चुंबकन, म्हणजे क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्यापुढे जात नाही ते कमाल चुंबकन, किलोमागे ९२ अँपिअर-वर्गमीटरच्या आसपास असतं. नॅनोकणांत पृष्ठभागावरचे अणू विस्कळीत असल्याने ते घटतं, हिशेबाला ७० धरू.

पण कण संपृक्त होतात कुठे? १० नॅनोमीटर गाभ्याचा कण इतका लहान असतो की उष्णतेने त्याची चुंबकीय दिशा सतत भिरभिरत असते. बाहेरचं क्षेत्र नसेल तर एकूण चुंबकन शून्य. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात, आणि वैद्यकीय कामात हेच हवं असतं, कारण क्षेत्र काढलं की कण एकमेकांना चिकटत नाहीत. ३७ अंश सेल्सिअसला १ मिलिटेस्ला क्षेत्र दिलं तर असे कण संपृक्ततेच्या जेमतेम दीड टक्का चुंबकित होतात. १० मिलिटेस्ला दिलं तर साडेचौदा टक्के.

१ मिलिटेस्ला धरून हिशेब केला तर १०० मायक्रोग्रॅम लोहाचं क्षेत्र कणांच्या अक्षावर १ सेंटीमीटरवर सुमारे २९ नॅनोटेस्ला भरतं. २ सेंटीमीटरवर ३.६, आणि ४ सेंटीमीटरवर ०.४५. अंतर दुप्पट केलं की सिग्नल आठवा हिस्सा उरतो. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असतं, हे शेजारी लिहून ठेवा. या ओळी मी प्रत्येक नव्या प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर लिहितो.

क्षेत्र देणारी कॉइलच प्रोबमध्ये, म्हणजे सेन्सर असलेल्या दांडीत, बसवली असेल तर परिस्थिती आणखी कठीण. कॉइलपासून लांब गेलं की तिचं क्षेत्रही अंतराच्या तिसऱ्या घाताने घटतं आणि कणांचं परतीचं क्षेत्रही. दोन्ही मिळून सहावा घात. अंतर दुप्पट म्हणजे सिग्नल चौसष्टावा हिस्सा. हातात धरायच्या प्रोबला खोलवरच्या ग्रंथी सापडायला जड जातात त्याचं कारण हेच.

दुसरी पायरी: सेन्सर निवडा

हॉल सेन्सर स्वस्त, चिमुकला, वापरायला सोपा, पण तो मायक्रोटेस्लाच्या आसपासच दमतो. वरच्या हिशेबात तो बसत नाही. फ्लक्सगेट म्हणजे चुंबकीय गाभ्याभोवती कॉइल गुंडाळलेला सेन्सर. त्याची चांगली जात एक हर्ट्झच्या पट्ट्यात १० पिकोटेस्लाच्या (नॅनोटेस्लाच्या शंभराव्या हिश्शाच्या) आसपास नॉइजवर काम करते आणि खोलीच्या तापमानाला चालते. टेबलावरच्या कामासाठी माझी पहिली पसंती तिलाच.

जीएमआर आणि टीएमआर सेन्सरमध्ये चुंबकीय क्षेत्राने विद्युतरोध बदलतो. जीएमआरचा शोध १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे लावला आणि २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. हे सेन्सर चिपवर बसतात. कण थेट चिपच्या पृष्ठभागावर, काही मायक्रोमीटरवर आणता येत असतील तर त्यांना तोड नाही. मघाचा तिसरा घात इथे आपल्या बाजूने काम करतो.

स्क्विड, म्हणजे अतिवाहक पदार्थाचा सेन्सर, फेम्टोटेस्लापर्यंत (पिकोटेस्लाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत) पोचतो, पण त्याचा जुना प्रकार द्रव हेलियमच्या तापमानाला ठेवावा लागतो. प्रकाशाने वाचले जाणारे अणुवाफेचे सेन्सर हेलियमशिवाय तितकीच मजल मारतात, मात्र त्यांतल्या सर्वांत संवेदनशील प्रकाराला जवळजवळ शून्य क्षेत्राची, चुंबकीय कवच असलेली खोली लागते. काही किलोहर्ट्झच्या वर काम करायचं असेल तर साधी तांब्याची पिकअप कॉइल उत्तम, कारण तिचा व्होल्टेज वारंवारितेबरोबर वाढतो.

तिसरी पायरी: मांडणी

पुढची मांडणी फ्लक्सगेट किंवा टीएमआरच्या जोडीसाठी आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइलची हेल्महोल्ट्झ जोडी १ मिलिटेस्ला एकसारखं क्षेत्र देईल. आता अडचण बघा: सेन्सरने हे १ मिलिटेस्ला बघायचं नाही, कणांचे काही नॅनोटेस्ला तेवढे बघायचे. म्हणून सेन्सरचा संवेदी अक्ष कॉइलच्या क्षेत्राशी काटकोनात ठेवा.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. ते नमुना बरोबर अक्षावर ठेवतात आणि सिग्नल शून्य येतो. अक्षावर कणांच्या क्षेत्राला काटकोनातला घटकच नसतो. नमुना सेन्सरपासून ४५ अंशांवर ठेवा. तिथे काटकोनातला घटक सर्वांत मोठा असतो, अक्षावरच्या क्षेत्राच्या तीन चतुर्थांश.

काटकोन साधणंही सोपं नाही. सेन्सर एक अंशाने कलला तर १ मिलिटेस्लातलं सुमारे १७ मायक्रोटेस्ला आत झिरपतं, म्हणजे आपल्या सिग्नलच्या हजारो पट. म्हणून दुसरा तसाच सेन्सर नमुन्यापासून दूर पण त्याच क्षेत्रात बसवा आणि दोघांची वजाबाकी घ्या. लांबच्या सगळ्या गडबडी, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र, लिफ्ट, रस्त्यावरची वाहनं, दोघांना जवळपास सारख्या दिसतात आणि वजा होतात. उरलेलं थोडं बारीक स्क्रूने कल सुधारून शून्यावर आणा. स्क्रू नायलॉनचे घ्या. पितळेचे म्हणून मिळणाऱ्या स्क्रूंत लोहाचा अंश निघालेला मी पाहिला आहे.

कॉइल एकदिश प्रवाहावर चालवू नका. १३७ हर्ट्झसारखी वारंवारिता निवडा, जी ५० किंवा ६० हर्ट्झच्या कुठल्याही पटीजवळ येत नाही. तिची तिप्पट ४११, तीही या पटींपासून सुटी राहते. ही तिप्पट पुढे कामाला येईल. सिग्नल लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरने, म्हणजे फक्त ठरलेल्या वारंवारितेचा सिग्नल उचलणाऱ्या यंत्राने, वाचा. कॉइल तापते आणि तापली की मांडणी हलते, म्हणून चालू करून अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासातली रीडिंग मी लिहून घेत नाही, कितीही छान दिसली तरी.

चौथी पायरी: ब्लँक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिकामी कुपी ठेवा आणि मोजा. मग तीच कुपी काढून पुन्हा ठेवा, पुन्हा मोजा. असं दहा वेळा. या दहा रीडिंगमधला फरक हीच तुमच्या यंत्राची खरी क्षमता. सेन्सरच्या डेटाशीटवरचा आकडा यापुढे फारसा कामाचा नसतो.

एकदा आमच्या रिकाम्या कुप्यांचं रीडिंग ७ ते ८ मायक्रोग्रॅम लोहाइतकं येऊ लागलं, तेही सगळ्या कुप्यांचं नाही. दोन दिवस इलेक्ट्रॉनिक्स तपासलं. शेवटी एकेक कुपी झाकणासकट आणि झाकणाशिवाय मोजली तेव्हा दोष झाकणांत सापडला. काळी झाकणं होती, रंगद्रव्यात लोहाचं ऑक्साइड होतं. पांढरी झाकणं असलेल्या कुप्या स्वच्छ निघाल्या. तेव्हापासून प्रत्येक नवी वस्तू सेन्सरसमोर एकदा धरून बघितल्याशिवाय मांडणीत येत नाही: टेप, मार्करची खूण, हातमोजे, चिमटा, पिपेटची टोकं. पोलादी चमच्याने घेतलेली पावडर आमच्याकडे सरळ टाकून दिली जाते. चावी, मोबाइल आणि घड्याळ दाराबाहेर. पोलादी पायांची खुर्ची मीटरभर सरकली तरी रीडिंग सरकतं, म्हणून मोजताना कुणी उठायचं नाही.

नमुना मोजताना क्रम ब्लँक, नमुना, ब्लँक असा ठेवा आणि दोन ब्लँकांची सरासरी नमुन्यातून वजा करा. सावकाश होणारी सरक त्यातच निघून जाते.

पाचवी पायरी: कॅलिब्रेशनची शिडी

सेन्सर नॅनोटेस्ला सांगतो, आपल्याला मायक्रोग्रॅम हवेत. मधला पूल ज्ञात नमुन्यांचा.

आधी मूळ द्रावण पारखा. बाटलीवरचा आकडा लोहाचा आहे की मॅग्नेटाइटचा, हे बघा. दोन्ही तऱ्हेने लिहिलेल्या बाटल्या मिळतात आणि गोंधळ झाला तर २८ टक्के चूक पहिल्याच पायरीवर घुसते. बाटलीवर विश्वास न ठेवता थोडं द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून फेनँथ्रोलिनने तपासा. नारिंगी-लाल रंग ५१० नॅनोमीटरवर मोजला की लोह कळतं. शुद्ध द्रावणात हिमोग्लोबिन नसल्याने इथे रासायनिक चाचणी बिनधास्त चालते.

मग शिडी बनवा: ०, १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम लोह. प्रत्येक कुपीत एकूण द्रव तितकंच, उंची तितकीच. कण तळाला बसतात म्हणून दर वेळी मूळ बाटली अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हलवून मगच पिपेट बुडवा. एका पातळ द्रावणातून पुढचं पातळ द्रावण असं उतरत जाऊ नका, एकीची चूक पुढच्या सगळ्यांत वाहत जाते. जमेल तिथे पिपेटवर विसंबण्यापेक्षा तराजूवर वजन करून भरा.

आलेख काढलात की सरळ रेषेवर खूश होऊन थांबू नका. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती सुटला ते वेगळं काढा. वरच्या टोकाला बिंदू खाली झुकत असतील तर सेन्सर संपृक्त होतोय किंवा कणांचे पुंजके झालेत. खालच्या टोकाला सगळे वर असतील तर ब्लँक नीट वजा झालेला नाही. शोधमर्यादा म्हणजे ब्लँकच्या प्रमाण विचलनाची (रीडिंग सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाची) तिप्पट, आणि आकडा विश्वासाने सांगायचा तर दहापट. ब्लँकचं विचलन ०.४ मायक्रोग्रॅम असेल तर १.२ च्या वर कण आहेत म्हणता येतं, पण किती आहेत ते ४ च्या वरच सांगावं.

तापमान विसरू नका. कमी क्षेत्रात सिग्नल निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २० अंशांवर शिडी मोजली आणि नमुना ३७ अंशांवर, तर साडेपाच टक्के सिग्नल निव्वळ तापमानाने घटलेला असतो.

सहावी पायरी: पाण्याशी आणि ऊतीशी गाठ

आता सगळ्यांत फसवी गोष्ट. पाणी चुंबकाला किंचित ढकलतं. त्याची चुंबकीय ग्राह्यता उणे ९ दशलक्षांश, म्हणजे नगण्य वाटते. पण पाणी भरपूर असतं. वरच्याच कणांच्या हिशेबात १ मिलिलिटर पाणी सुमारे ५ मायक्रोग्रॅम लोहाचा सिग्नल उलट्या दिशेने खाऊन टाकतं. प्रोबसमोर शंभर मिलिलिटर ऊती असेल तर १०० मायक्रोग्रॅम लोह बघता बघता झाकलं जातं. ऊती बहुतांश पाणीच.

कुपीसाठी उपाय सोपा: ब्लँक रिकाम्या कुपीचा न घेता तितक्याच पाण्याने भरलेल्या कुपीचा घ्या. ऊतीच्या तुकड्यासाठी तितक्याच वजनाचा कण नसलेला तुकडा. मोठ्या अवयवाला हे जमत नाही, तिथे कणांचा एक वेगळा गुण कामी येतो. पाण्याचा प्रतिसाद क्षेत्राच्या सरळ प्रमाणात असतो. कणांचा प्रतिसाद क्षेत्र वाढवत नेलं की वाकतो, कारण ते संपृक्ततेकडे जातात. वाकलेल्या प्रतिसादातून दिलेल्या वारंवारितेची तिप्पट निघते. १३७ हर्ट्झ दिलं आणि ४११ हर्ट्झ ऐकलं तर पाणी, ऊती आणि रक्त गप्प, बोलतात ते कणच. चुंबकीय कणांचं चित्रण याच तत्त्वावर उभं आहे, जे बर्नहार्ड ग्लाइश आणि युर्गेन वायत्सेनेकर यांनी २००५ मध्ये मांडलं.

याची किंमत आहे. १० नॅनोमीटरच्या कणांना १० मिलिटेस्ला दिलं तरी तिप्पट वारंवारितेचा भाग मूळ सिग्नलच्या सुमारे ०.३ टक्के. मात्र तो क्षेत्राच्या तिसऱ्या घाताने वाढतो: क्षेत्र दुप्पट, सिग्नल आठपट. मोठ्या गाभ्याचे कण घेतले तर हा सिग्नल आणखी मोठा. कॉइलला प्रवाह देणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच थोडी तिप्पट वारंवारिता सोडतो, म्हणून त्याच्यामागे फिल्टर लावा आणि कणांशिवाय ४११ वर काय दिसतं ते आधी नोंदवा.

आणखी एक सापळा कणांच्या हालचालीचा. काही कण आतल्या आत चुंबकीय दिशा बदलतात, काही मोठे कण अख्खेच गिरकी घेतात. आवरणासह १०० नॅनोमीटरचा कण पाण्यात सुमारे ०.४ मिलिसेकंदात वळतो, म्हणजे चारशे हर्ट्झपर्यंत क्षेत्राच्या मागे जाऊ शकतो. तोच पेशीत गिळला गेला किंवा ऊतीत अडकला की वळूच शकत नाही आणि सिग्नल पडतो. पाण्यातल्या शिडीवर तो वाचला तर कण खरोखर आहेत त्यापेक्षा कमी भरतात. म्हणून शिडीची एक प्रत जिलेटिनच्या घट्ट जेलमध्ये बनवा आणि दोन्ही रेषांचा चढ ताडून बघा. चढ सारखे आले तर तुमचे कण आतूनच दिशा बदलणारे आहेत, काळजी मिटली. वेगळे आले तर ऊतीसाठी जेलचीच रेषा वापरा.

सातवी पायरी: खोली काढा

एकाच रीडिंगवरून थोडे कण जवळ आहेत की खूप कण लांब, हे कळत नाही. दोन रीडिंग घ्या. क्षेत्र एकसारखं ठेवून सेन्सर आहे तिथे एक, आणि त्याच दिशेने बरोबर १ सेंटीमीटर मागे घेऊन दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि घनमूळ काढा. त्यातून १ वजा करा. १ सेंटीमीटरला या संख्येने भागलं की अंतर मिळतं. उदाहरणार्थ भागाकार ३.३७५ आला तर घनमूळ १.५, वजा करून ०.५, अंतर २ सेंटीमीटर.

हे अंतर सेन्सरच्या संवेदी भागापासूनचं आहे. डबीच्या टोकापासून तो आत किती मिलिमीटर आहे ते आधी मोजून वजा करा. आणि ही रीत कण एका ठिपक्यासारख्या जागेत असतील तरच खरी. पसरलेल्या कणांसाठी अनेक जागांवरून रीडिंग घ्यावी लागतात.

उपचारात आकडा कसा वापरायचा

गाठ तापवण्याच्या उपचारात लक्ष्य साधारण ४२ ते ४६ अंशांचं असतं. समजा कण १ ग्रॅम लोहामागे १०० वॅट उष्णता देतात आणि ऊतीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम लोह आहे. मग मिलिलिटरमागे अर्धा वॅट आणि सुरुवातीला सेकंदाला सुमारे ०.१२ अंश वाढ. लोह ३० टक्के चुकीचं मोजलं तर ही वाढही तितकीच चुकते. रक्ताभिसरण उष्णता वाहून नेत असल्याने शेवटचं तापमान या हिशेबाने ठरत नाही, पण क्षेत्र किती द्यायचं याची सुरुवात इथूनच होते. क्षेत्र मनमानी वाढवता येत नाही, कारण बदलत्या क्षेत्राने निरोगी ऊतीतही प्रवाह फिरतात आणि ती तापते.

लसिकाग्रंथीच्या कामात पूर्वापार किरणोत्सारी टेक्निशियम-९९एम वापरतात, त्याचं अर्धायुष्य ६ तास. चुंबकीय कणांना अशी घाई नसते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोलादी हत्यारं प्रोबजवळ आली की आकडा उसळतो, म्हणून त्या क्षणी प्लास्टिकची साधनं लागतात. सापडलेली ग्रंथी बाहेर काढून, ऊतीपासून दूर नेऊन पुन्हा मोजतात. मग त्याच जागी प्रोब फिरवून बघतात. सर्वांत मोठ्या आकड्याच्या ग्रंथीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त सिग्नल देणारी ग्रंथी उरली असेल तर तीही काढायची, हा नेहमीचा संकेत. पेसमेकर असलेल्या रुग्णाजवळ क्षेत्र देणारा प्रोब नेण्याआधी हृदयतज्ज्ञाला विचारणं टाळता येत नाही.

टोचलेल्या जागी उरलेले कण लगेच जात नाहीत, महिनोन्महिने राहू शकतात. तिथे नंतर एमआरआय केला तर चित्रात काळा डाग पडतो आणि आजूबाजूचं दिसत नाही. कण कधी, कुठे आणि किती लोहाचे दिले, हे रुग्णाच्या कागदावर ठळक लिहा आणि एमआरआयला जाताना तो कागद बरोबर न्यायला रुग्णाला स्वतः सांगा.